छत्रीभर अंतर

“मास्तर घोड्याले इतकं भेते, अन् घोडीच्या आजीचं नाव इचारून राह्यला,” माझ्या पाठीमागे कोणीतरी हळूच म्हणालं. टांगा स्टँडवरची दोन-तीन माणसं तोंडावर उपरणं धरून हसली.

सरांनी ते ऐकलं होतं, पण ते वळले नाहीत. बंद छत्री त्यांनी समोर धरली होती. छत्रीचं टोक आणि घोडीचं नाक यांच्यामध्ये बरोबर एक वीत जागा होती. घोडी एक पाऊल पुढे आली की सर एक पाऊल मागे जात, आणि ती वीत तशीच राही.

“आपली आजी कोणत्या गावची?” त्यांनी घोडीला विचारलं.

घोडीचं नाव चांदणी. तिच्या वतीने तिचा मालक सुखदेव बोलला. “माय चिखलीची हाय, सर. आजीचं मले नाई मालूम.”

“लिहा, बाई,” सर मला म्हणाले. “आजी अज्ञात.”

मी लिहिलं. बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागून मला तेव्हा आठच दिवस झाले होते. नेमणुकीच्या पत्रात घोड्यांचा उल्लेख नव्हता. पण आधीच्या डेमॉन्स्ट्रेटरने जाताना मला कपाटाच्या किल्ल्यांबरोबर एक सल्ला दिला होता: सर रविवारी बोलावतील, नाही म्हणू नका, आणि जाड तळाच्या चपला घाला.

मला नाही म्हणणं तसंही जमत नसे. माझी शाळा नागपूरची, इंग्रजी माध्यमाची. वडिलांची बदली बुलढाण्याच्या कचेरीत झाली आणि आम्ही घाट चढून वर आलो, तेव्हा बाजारात मी वांगी मागितली तरी भाजीवाली तराजू हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राही. माझी मराठी चुकीची नव्हती, फक्त पुस्तकातून थेट उचलल्यासारखी होती. लोक हसण्याआधीच आपण गप्प बसावं, हा उपाय मी शाळेतच शोधून काढला होता. सरांना अशी गप्प माणसं आवडत. बडबडणाऱ्याचं लक्ष अक्षरावर राहत नाही, असं ते म्हणत.

सर घोड्यांची वंशावळ गोळा करत होते. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, जिथे म्हणून टांग्याचा, वरातीचा किंवा ओझ्याचा घोडा असेल, तिथे एस.टी.ने जाऊन त्याचं नाव, रंग, आई, बाप आणि मिळाली तर आजी ते वहीत उतरवून घेत. प्रत्येकाच्या शेपटीचे चार केस वेगळ्या लिफाफ्यात जात. लिफाफे लग्नपत्रिकांचे असत, वापरलेले. आमच्या कपाटात असे शेकडो लिफाफे होते, आणि बहुतेकांच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाची हळद अजून दिसत होती.

घोड्यांना ते अहो-जाहो करत आणि प्राचार्यांना अरे-तुरे. प्राचार्य त्यांचे विद्यार्थी होते. “घोडे कोणाचेच विद्यार्थी नाहीत,” ते म्हणत.

त्यांची भीती खरी होती. वरवट बकालला त्यांच्या घरी एक ओझ्याचं तट्टू होतं, आणि सर सात वर्षांचे असताना त्याने त्यांना लाथ मारली होती. डावा खांदा तेव्हापासून जरा खाली राहिला. कोट घातला की तो एका बाजूने लांब दिसे. या गोष्टीचा त्यांना राग नव्हता. “त्यांचं बरोबर होतं, मी मागून गेलो होतो,” एवढंच ते सांगत. पण त्यानंतर छत्रीच्या अंतराच्या आत त्यांनी कुठल्या घोड्याला येऊ दिलं नाही. केस उपटायला जाणं, म्हणूनच, डेमॉन्स्ट्रेटरकडे.

मला मात्र घोड्यांची भीती वाटली नाही. घोडे प्रश्न विचारत नाहीत.

सरांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं: “वहीत नाही, ते झालंच नाही.” मुलांनी त्याचा सोयीने वापर केला. प्रयोगाच्या वेळी काचपात्र फुटलं तर ते फुटल्याची नोंद कोणी करत नसे.

वर्गात ते इंग्रजीत सुरुवात करत, आणि विषय अंगात आला की वऱ्हाडीवर येत. खेचराला पिल्लं का होत नाहीत, हे त्यांनी शिकवलं तो तास मी विसरलेले नाही. घोड्याची गुणसूत्रं चौसष्ट, गाढवाची बासष्ट, आणि त्यांच्या लेकराची त्रेसष्ट. हे सांगून ते बाहेर गेले. प्रयोगशाळेबाहेर मुलांच्या चपला रांगेत होत्या. त्यांनी त्यातली एक उचलली, आत आणून टेबलावर ठेवली आणि तास संपल्याचं जाहीर केलं. सगळे आपापले जोड घालून निघाले. एक मुलगा एका पायावर लंगडत परत आला.

“सर, आता मी घरी कसा जाऊ?”

“खेचरालेही हाच सवाल पडते,” सर म्हणाले. “जोड लागल्याशिवाय घर पुढं चालत नाही, लेका.”

चपलेने सांगितलेलं गुणसूत्रांचं गणित त्या वर्गातला एकही जण परीक्षेत चुकला नाही. उत्तरपत्रिका मीच जुळवल्या होत्या.

एकदा एका विलायती मासिकात त्यांनी वाचलं की मंगोलियाकडच्या रानघोड्याची गुणसूत्रं सहासष्ट भरतात, आपल्या घोड्यापेक्षा दोन जास्त. त्या संध्याकाळी मासिक काखेत मारून ते घरी न जाता टांगा स्टँडवर गेले. कॉलेजात हे सांगण्यासारखं कोणी नव्हतं, असं त्यांचं मत.

“लोक समजत होते की आपला घोडा त्या रानघोड्याच्या पोटचा,” ते सुखदेवला म्हणाले. “पण हिशेब दोनानं चुकून राह्यला. म्हणजे तो बाप नाही. चुलता असावा. मूळ पुरुष दुसराच कोणी, अन् तो आता कुठंच राह्यला नाही.”

सुखदेवने चांदणीच्या मानेवर थाप मारली. “म्हंजे इचा चुलता मंगोलियाले हाय. मंग लग्नाले बोलवा लागन ना, सर.”

“पत्ता मिळाला तर बोलवू,” सर गंभीरपणे म्हणाले.

वराती ते कधी चुकवत नसत. निमंत्रण असो वा नसो. एकदा वरातीची घोडी मातकट रंगाची निघाली, पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ गेलेली. अशी रेघ अपशकुनी, म्हणून नवरदेवाचा मामा भर रस्त्यात अडून बसला होता. बँड थांबला. सर छत्री घेऊन पुढे झाले.

“नवरदेव, जरा खाली उतरता काय? तुम्ही रेघेवर बसले आहात.”

नवरदेव उतरला. नवरदेव त्या दिवशी कोणी काही सांगितलं तरी ऐकतात. सरांनी छत्रीच्या टोकाने, अर्थात वीतभर लांबून, ती रेघ मामांना दाखवली. माणसाने पहिला घोडा धरला तेव्हा रानातल्या बहुतेक घोड्यांच्या पाठीवर अशी रेघ असली पाहिजे, ते म्हणाले. मग माणसाने हौसेने रंग निवडले: काळे, तांबडे, ठिपक्यांचे. रंग बदलले, रेघ विरळ झाली. पण काही रक्तांत ती राहिली होती, आणि शेकडो पिढ्या चालत इथे, या गल्लीत, आली. “हा अपशकुन नाही, मामा. हा घराण्याचा सर्वांत जुना कागद आहे. ज्याच्याजवळ असा कागद असंल, त्यानं तो लपवावा काय?”

मामांना किती कळलं माहीत नाही, पण जुन्या कागदाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. वरात निघाली. आम्हाला जेवायलाही बसवलं. सरांनी पत्रिकेचा रिकामा लिफाफा मागून घेतला.

देऊळगाव राजाला किसनबा नावाचे म्हातारे होते. त्यांच्याकडे सोन्या नावाचा एक घोडा होता, तांबूस सोन्याच्या रंगाचा, आयाळ आणि शेपूटही तशीच. या रंगाला सुरंग म्हणतात. आसपासच्या गावांतल्या घोड्या गाभण राहायला सोन्याकडे येत. सर त्या अंगणात तासन् तास बसत, छत्रीभर लांब. “हेच बघा, बाई,” ते मला म्हणायचे. “घोड्या चाळीस गावच्या, घोडा एक. मला वाटतं पहिल्या माणसानंही हेच केलं असणार. रानातून घोड्या पुष्कळ धरल्या, नर एखाद-दुसराच ठेवला. सगळ्या जगातल्या घोड्यांच्या आया अनेक, पण बाप थोडे. हे सिद्ध कसं करायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही तरुण आहात, तुमच्या हयातीत कोणी तरी करेल.”

किसनबा आत चहा ठेवत ऐकत असत. “मास्तर, तुम्ही बोलता ते समदं मला कळतं असं नाही,” ते म्हणाले होते, “पर माझ्या घोड्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं न्हाई.”

सर निवृत्त होऊन वरवट बकालला गेले तेव्हा वह्या आणि कपाटातले लिफाफे मला देऊन गेले. अकरा वह्या आहेत. त्या सगळ्यांत मिळून खाडाखोड एकच आहे, तिसऱ्या वहीत, चांदणीच्या पानावर. आणि इतक्या वर्षांत त्यांनी हात लावला तो एकाच घोडीच्या कानाला. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

ते समजायला पुन्हा त्या पहिल्या रविवारी जावं लागेल.

आजीच्या पुढचा रकाना रंगाचा होता. “रंग?” सरांनी विचारलं. सुखदेवने भाजीचा मळा भावाला देऊन नुकताच टांगा घेतला होता. घोड्यांच्या रंगांची नावं त्याला येत नव्हती. “लाल हाय, सर,” तो म्हणाला. सरांनी छत्रीमागून नजर टाकली. अंग तांबडं. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. शेपूट तांबूस. आयाळ नव्हतीच, जुंपणीच्या पट्ट्यात अडकते म्हणून सुखदेव ती मुळापासून कातरत असे. “सुरंग,” सर म्हणाले. “लिहा, बाई.”

मी लिहिलं आणि केस उपटायला गेले.

जवळून शेपटीला मेंदीचा वास आला. शेपटीत पांढरे केस फार, म्हणून लग्नसराईत सुखदेव तिला मेंदी लावायचा. पांढरे केस नारिंगी झाले होते, पण मधले काळे केस काळेच होते. कातरलेल्या आयाळीचे खुंट काळे होते. कानांना काजळाने रेघ ओढावी तशी काळी कड होती, आणि पांढऱ्या पायांच्या वर, गुडघ्यापाशी, बोटभर काळं. अंग तांबडं आणि हे सगळं काळं, म्हणजे घोडी सुरंग नव्हती, कुमैत होती. हे नाव मला त्याच आठवड्यात, वहीची आधीची पानं वाचून कळलं होतं.

मी परत आले. सर पुढच्या घोड्याकडे वळले होते. दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी लिफाफ्यावर नाव घातलं आणि वही मिटली.

पुढच्या वर्षी चांदणी सोन्याकडे जाऊन आली. सर खूश होते. सुरंग रंग दबून राहणारा. तो वर दिसतो तेव्हा आत दुसरं काहीच नसतं. म्हणून आई सुरंग आणि बाप सुरंग, तर पिल्लू सुरंगच, त्यात दुसरी शक्यता नाही. हे त्यांनी स्टँडवर सर्वांसमोर सांगितलं, वहीत लिहून घेतलं, आणि खाली सुखदेवचा अंगठा घेतला. तेव्हाही मी बोलू शकले असते. लिहिताना माझं अक्षर चांगलं आलं, एवढं आठवतं.

अकरा महिन्यांनी, होळीच्या सुमारास शिंगरू झालं. फिकट तांबूस, पायही फिकट. सरांनी स्टँडवर पेढे वाटले. पण शिंगरांचा पहिला रंग टिकत नाही. दिवाळीपर्यंत जावळ झडलं आणि खालून चारी पाय काळे निघाले, आयाळ काळी, शेपूट काळी. शिंगरू कुमैत होतं.

सर दोन दिवस कॉलेजला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन त्यांनी सांगितलं ते मवाळ आवाजात, पण सांगितलं: दोन सुरंगांच्या पोटी कुमैत होत नाही. हे माझं म्हणणं नाही, निसर्गाचं आहे. या शिंगराचा बाप सोन्या नाही.

त्यापुढचं लोकांनी जोडलं. सोन्याचं नाव सांगून किसनबांनी भलताच घोडा लावला. बातमी टांग्यांबरोबर चिखलीला गेली, मेहकरला गेली. किसनबांकडे घोड्या येणं थांबलं. ज्या घोड्याचं नावच खोटं ठरलं, त्याला दावणीला बांधून चारा कोण घालणार? येत्या बाजारी सोन्याला वीटभट्टीवर द्यायचं ठरल्याचं आमच्या कानावर आलं. त्या रात्री सर जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं. पण वही बदलली नाही.

मी कपाट उघडून चांदणीचा लिफाफा काढला. चार केस. दोन नारिंगी, दोन काळे.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. किसनबा देऊळगाव राजाहून सकाळच्या एस.टी.ने आले, आणि थेट स्टँडवर आले. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही धूसर. हातात सोन्या घोड्याच्या तोंडाला बांधायची मोरकी होती, गुंडाळलेली. सरांना निरोप गेला. सर आले, मागे वही घेऊन मी.

“मास्तर,” किसनबा म्हणाले, “माझ्या दावणीला दुसरा घोडाच न्हाई. ही मोरकी हातात घेऊन सांगतो. अन् ती घोडी कुमैत हाय. आली तवा मी हात फिरवून बघितली होती, तवा डोळा बरा होता.”

“वहीत सुरंग आहे, किसनबा.”

“वहीत असंल.”

“सुखदेव?” सरांनी विचारलं.

सुखदेव सरांकडे पाहू लागला, मग किसनबांकडे. “मले काय समजते, सर. तुम्ही सुरंग म्हणलं, म्हणून मीबी म्हनून राह्यलो.”

चांदणी पाच पावलांवर टांग्याला जुंपून उभी होती. शेपटीला नवी मेंदी, आयाळ कातरलेली. कोणीही जाऊन पाहू शकलं असतं. कोणी गेलं नाही. वाद आता घोडीचा राहिलाच नव्हता. एका बाजूला सरांची वही होती आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याचा शब्द.

“म्हाताऱ्याले आता दिसते तरी काय बे,” मागून कोणी तरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही.

सरांनी छत्री आडवी धरली. त्यांचा खाली गेलेला खांदा आणखी खाली आला होता. “किसनबा, तुमच्यावर माझा राग नाही,” ते म्हणाले. “पण मी पाहिलं तेच लिहिलं. एकदा माणूस बघून वही बदलली, तर मग वही कशाला पाहिजे?” मग ते माझ्याकडे वळले नाहीत, फक्त हात थोडा वर केला, नेहमीसारखा. “लिहा, बाई. बाप अज्ञात.”

मी पेन उघडलं. पान समोर होतं. त्याच पानावर वर माझ्याच अक्षरात ‘सुरंग’ लिहिलेलं होतं, काना-मात्रा नीट, शाईचा डाग नाही. किसनबा मोरकी दुसऱ्या हातात घेत होते, मग पुन्हा पहिल्या.

मी पेनचं टोपण लावलं. वही सुखदेवच्या टांग्याच्या पायरीवर ठेवली. सरांनी आडवी धरलेली छत्री मी टोकाकडून धरली आणि हलकेच ओढली. ते दचकले, पण त्यांनी मूठ सोडली नाही, आणि त्यामुळे एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. चांदणीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या हाताने तिचा कान धरला आणि उन्हाकडे वळवला. सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता, आणि माझी मराठी पुस्तकातलीच होती.

“सर, हात लावून बघा, ही काही करणार नाही. कानाची कड काळी आहे. आयाळीचे खुंट काळे आहेत. शेपटीला मेंदी आहे. घोडी कुमैत आहे आणि किसनबा खरं बोलतात. तुम्ही लांबून पाहिलं होतं. मी जवळून पाहिलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि तरी सुरंग लिहिलं.”